पटावरचा वजीर आणि राष्ट्रीय विजेत्या

बुद्धिबळाच्या मराठी पटावर राणी नाही. राजाच्या शेजारी उभा असतो तो वजीर. युरोपात याच मोहऱ्याला राणी म्हणतात आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिला आजची चौफेर धाव मिळाली. आंतरराष्ट्रीय नियम आपल्याकडे आले तेव्हा आपण त्या राणीची चाल तेवढी घेतली, नाव मात्र वजिराचेच ठेवले. त्यामुळे मराठी घरात मुलीला पट शिकवताना पटावर स्त्रीचे नाव धारण करणारा एकही मोहरा तिला दिसत नाही. असे असूनही महिलांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेचा इतिहास उघडला तर पहिली वीस वर्षे ती स्पर्धा जवळजवळ मराठी मुलींचीच होती असे म्हटल्यास वावगे ठरू नये. आणि त्या इतिहासाचा एक धागा आपल्या कृष्णाकाठी, सांगलीत येऊन मिळतो.

प्रस्तुत लेखात या विजेत्यांच्या कारकिर्दींचा विचार करावयाचा आहे. कोणी किती पदके मिळवली एवढ्यापुरताच हा विचार नाही. राष्ट्रीय स्पर्धा नावाची वस्तू अस्तित्वात असणे आणि नसणे, यामुळे एखाद्या खेळाडू स्त्रीच्या आयुष्यात काय फरक पडतो, हा माझ्या दृष्टीने खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर देणारी एक जुनी हकीगत आहे. १९३३ साली इंग्लंडमधील हेस्टिंग्ज येथे ब्रिटिश महिलांची अजिंक्यपद स्पर्धा झाली. ती जिंकली मिस फातिमा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका हिंदी तरुणीने. पंजाबातील जमीनदार सर उमर हयात खान यांच्या परिवारात ती नोकरीला होती. विख्यात खेळाडू सुलतान खान याच परिवारातला. फातिमाने अकरा डावांपैकी दहा जिंकले, एक बरोबरीत सोडवला आणि दुसऱ्या क्रमांकापेक्षा तब्बल तीन गुणांनी पुढे राहून विजेतेपद मिळवले. पुढे काय? पुढे काहीच नाही. ती धन्याबरोबर मायदेशी परतली आणि स्पर्धात्मक बुद्धिबळातून दिसेनाशी झाली. तिची बुद्धी काही बोटीत राहिली नव्हती. परंतु पुढच्या वर्षी जाऊन खेळावे अशी महिलांची स्पर्धा या देशात नव्हती. एक विजय म्हणजे कारकीर्द नव्हे. कारकीर्द होण्यासाठी दर वर्षी उघडणारे एक दार लागते. भारतातील ते दार उघडण्यास आणखी एक्केचाळीस वर्षे जावी लागली.

अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची स्थापना १९५१ ची. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ साली आंध्रातील एलुरू येथे झाली व रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या हे संयुक्त विजेते ठरले. महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा मात्र १९७४ साली बंगळूर येथे भरली. मधल्या एकोणीस वर्षांत मुली खेळत नव्हत्या असे नाही. त्या घरी खेळत होत्या. भाऊ शाळेतून आला की त्याच्याशी, पावसाळ्यात आजोबांशी. एवढेच की त्या खेळाची नोंद कोठेही होत नव्हती.

बंगळूरची ती पहिली स्पर्धा वासंती खाडिलकर हिने जिंकली. तेव्हा तिचे वय अवघे तेरा. तिच्या पाठच्या जयश्री आणि रोहिणी या दोघी बहिणीही खेळाडू. ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या या तीन मुली. नीलकंठराव हे नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे नातू आणि नाट्याचार्यांचा जन्म १८७२ साली सांगलीतच झाला, हे आपल्या भागातील नाट्यवेड्या वाचकांना सांगावयास नको. मुली वाढल्या मुंबईत. तरी नाळ कोठली, हे नमूद करण्याचा मोह आवरत नाही.

पहिल्या दशकातील सर्व राष्ट्रीय विजेतेपदे या तीन बहिणींनीच आपसात वाटून घेतली. एकाच घरात, एकाच पटावर तीन राष्ट्रीय विजेत्या! याचे रहस्य समजण्यासाठी त्या काळी स्पर्धेचा डाव कसा खेळला जाई ते पाहिले पाहिजे.

साखळी पद्धतीच्या स्पर्धेत प्रत्येक खेळाडू प्रत्येकीशी एकेक डाव खेळते. जिंकल्यास एक गुण, बरोबरीस अर्धा, हरल्यास शून्य. दिवसाला सामान्यतः एक डाव, म्हणजे डझनभर खेळाडू असल्या की दोन आठवडे घराबाहेर. पहिल्या चाळीस चालींसाठी प्रत्येकीला अडीच तास. दोघींचे मिळून पाच तास झाले आणि डाव संपला नाही तर तो तहकूब होई. ज्या खेळाडूची चाल असे तिने ती पटावर न करता कागदावर लिहावयाची, लिफाफा बंद करून पंचाच्या स्वाधीन करावयाचा आणि पुढच्या बैठकीत तो फोडून डाव सुरू व्हावयाचा. मधली रात्र म्हणजे खरी परीक्षा. प्रतिस्पर्ध्याने लिफाफ्यात काय लिहिले असेल? वजिरी बाजूचे प्यादे पुढे ढकलले असेल, की हत्ती सातव्या पट्टीवर नेला असेल? प्रत्येक शक्यतेचे उत्तर शोधून ठेवावयाचे. पुरुष खेळाडूंजवळ या कामाला मित्रांचा, क्लबातल्या जाणत्यांचा ताफा असे. एखाद्या लहान गावाहून आईबरोबर वा मामाबरोबर आलेल्या मुलीजवळ कोण असणार? आई बिचारी पोळीभाजीचा डबा सांभाळणार. खाडिलकर भगिनींना मात्र घरातच आणखी दोन राष्ट्रीय दर्जाची डोकी मिळत होती. संगणक आल्यावर तहकुबीची ही पद्धत बाद झाली, कारण रात्रभर विश्लेषण यंत्रच करू लागले. पण त्या काळी एकटी मुलगी आणि जाणत्यांच्या सोबतीतली मुलगी यांत केवढे अंतर पडत असे, ते या लिफाफ्यावरून ध्यानात यावे.

या तिघींत सर्वात धाकटी रोहिणी. १९६३ चा जन्म. १९७६ साली, वयाच्या तेराव्या वर्षी ती राष्ट्रीय विजेती झाली. लागोपाठ तीन वर्षे तिने ते पद राखले आणि एकूण पाच वेळा मिळवले. त्याच १९७६ साली तिने पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतला आणि एकच गदारोळ उठला. मुलीने पुरुषांच्या स्पर्धेत का म्हणून बसावे, असा आक्षेप. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले व निकाल तिच्या बाजूने लागला. जागतिक महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष, माजी जगज्जेते डॉ. मॅक्स युवे यांनी राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून स्त्रियांना वगळता येणार नाही, असा निर्वाळा दिला. रोहिणी त्या स्पर्धेत खेळली आणि तीन राज्यांच्या विजेत्यांना तिने हरवले.

हा आक्षेप घेणाऱ्यांचे मला नेहमी नवल वाटते. कुस्तीत वजनगट असतात ते समजते. धावण्यात स्त्री-पुरुषांच्या शर्यती वेगळ्या, तेही समजते. पण पटावर हत्ती उचलण्यास बळ ते किती लागणार? तेरा वर्षांच्या मुलीपासून ज्या खेळाचे संरक्षण करावे लागते तो खेळ संकटात आहे की तो खेळणारे, हे ज्याचे त्याने ठरवावे. बरे, हा केवळ आपल्याकडचा मागासपणा होता असेही नाही. बरोबर दहा वर्षांनी, १९८६ साली, हंगेरीच्या सुसान पोल्गारलाही पात्र ठरूनसुद्धा जागतिक अजिंक्यपदाच्या फेरीत केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला गेला. बुडापेस्टच्या त्या तीन पोल्गार बहिणींची कथा जगभर गाजली. धाकटी ज्युडिट तर १९९१ साली वयाच्या पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली. आमच्या तीन बहिणी त्यांच्या आधीच्या, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

जयश्रीने १९७९ साली महिला इंटरनॅशनल मास्टर हा किताब मिळवला. असा किताब मिळवणारी ती पहिली भारतीय. रोहिणीला १९८० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षी हैदराबाद येथे बारापैकी साडेअकरा गुण घेऊन ती आशियाई विजेती झाली आणि १९८३ साली क्वालालंपूर येथे पुन्हा. पुढे जयश्रीताई ‘नवाकाळ’च्या व रोहिणीताई ‘संध्याकाळ’च्या संपादक झाल्या. पटाकडून छापखान्याकडे, म्हणजे घराण्याच्या मूळ व्यवसायाकडेच.

आता सांगलीकडे वळू. आजच्या विद्यार्थ्यांना कदाचित ठाऊक नसेल, परंतु स्वातंत्र्यानंतर सांगली जिल्ह्याचे नाव १९६० पर्यंत दक्षिण सातारा असे होते. तेव्हा सांगलीचा अभिमान सातारकरांनी बाळगला तर त्यात उसनवारी काही नाही. या गावाला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात, आणि तिचे वारकरी घडवले ते भाऊसाहेब पडसलगीकर यांनी. १९४१ साली स्थापन झालेले नूतन बुद्धिबळ मंडळ हे त्यांचे जन्माचे काम. तो काळ देशी पद्धतीच्या खेळाचा होता. प्यादे पहिल्या चालीतही एकच घर चाले, राजाला एकदा घोड्याची अडीच घरांची उडी मारता येई, पलीकडे पोचलेले प्यादे ज्या घरात पोचे त्या घराचा मोहरा बने. गावोगावचे नियमही निरनिराळे. त्या खेळात मुरलेल्या मंडळींना आंतरराष्ट्रीय पद्धत शिकणे म्हणजे हाताला लागलेले वळण मोडणे. सांगलीत हे संक्रमण मंडळाच्या बैठकीत झाले आणि तिचा फायदा पुढच्या पिढीला मिळाला. उन्हाळ्याच्या सुटीत भरणाऱ्या सांगलीच्या बुद्धिबळ महोत्सवाने मुलींसाठीही स्वतंत्र स्पर्धा ठेवली. बाहेरगावच्या मुली त्यासाठी सांगलीस येऊ लागल्या.

या सांगलीने देशाला दिलेली विजेती म्हणजे भाग्यश्री साठे, विवाहानंतरच्या भाग्यश्री ठिपसे. जन्म १९६१ चा, म्हणजे वयाने खाडिलकर भगिनींच्याच बरोबरीच्या. पण त्यांची कारकीर्द वेगळ्या घाटाची आहे आणि मला ती अधिक बोलकी वाटते. वासंती आणि रोहिणी तेराव्या वर्षी राष्ट्रीय विजेत्या झाल्या. भाग्यश्रीताईंना पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळाले ते १९८५ साली, म्हणजे चोविसाव्या वर्षाच्या आसपास. ज्या वयात आपल्याकडे मुलीच्या खेळाचे कौतुक आटोपते आणि ‘आता पुरे’ असे सांगण्यास सुरुवात होते, त्या वयात यांची विजयमालिका सुरू झाली! १९८६ साली पुन्हा विजेतेपद. १९८७ साली पद्मश्री आणि अर्जुन पुरस्कार. १९८८ चे विजेतेपद. मग १९९१ चे, आणि त्याच वर्षी आशियाई अजिंक्यपद. शेवटचे, पाचवे, १९९४ साली. पहिल्या आणि पाचव्या विजेतेपदात नऊ वर्षांचे अंतर. पती प्रवीण ठिपसे हेही त्याच पटावरचे, १९९७ साली ग्रँडमास्टर झालेले. संसार आणि स्पर्धा यांची सांगड घालणे त्यामुळे सुकर झाले असेलही. तरी दहा वर्षे वरच्या श्रेणीत टिकून राहणे हे दुसऱ्या कोणाच्या पुण्याईने होत नाही.

येथे वाचकांच्या मनात एक शंका येईल. दर वर्षी तीच ती नावे विजेती होत असतील तर स्पर्धा खरोखर राष्ट्रीय म्हणावी काय? की ती मूठभर घरांपुरतीच होती? शंका रास्त आहे. खाडिलकर भगिनी, भाग्यश्री साठे आणि त्यांच्यानंतर पाच वेळा राष्ट्रीय व दोन वेळा आशियाई विजेती झालेली मुंबईची अनुपमा अभ्यंकर (पुढे गोखले), एवढी चार-पाच नावे घेतली की १९७४ पासूनची दोन दशके बहुतेक संपतात. मराठी मुलींना उपजत अधिक बुद्धी असते असे मानण्यास माझी तयारी नाही. कारण सरळ आहे. मुंबई, पुणे, सांगली येथे क्लब होते, स्पर्धा होत्या, आणि मुलीला तेथे घेऊन जाणारे पालक होते. जेथे हे नव्हते तेथे मुली घरीच राहिल्या. पुढे मद्रासकडे, म्हणजे आताच्या चेन्नईकडे, शाळा आणि क्लब यांनी जोर धरला तेव्हा तेथील विजयालक्ष्मी सुब्बरामन हिने सहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. महिला ग्रँडमास्टर होणारी ती पहिली भारतीय. मग आंध्रची कोनेरू हंपी २००२ साली वयाच्या पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली. ओडिशाच्या पद्मिनी राऊतने २०१४ पासून सलग चार वर्षे राष्ट्रीय विजेतेपद राखले. क्लब ज्या गावी गेला त्या गावाची मुलगी वर आली, इतका हा हिशेब साधा आहे.

किताबांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण वर्तमानपत्री बातम्यांत त्यांचा घोळ होतो. ‘ग्रँडमास्टर’ आणि ‘महिला ग्रँडमास्टर’ हे एक नव्हेत. पहिल्यासाठी २५०० चे गुणांकन लागते व तो स्त्री-पुरुष दोघांना खुला आहे. दुसऱ्यासाठी २३०० पुरते आणि तो केवळ स्त्रियांसाठी आहे. म्हणजे महिलांचा सर्वोच्च किताब हा खुल्या ‘इंटरनॅशनल मास्टर’च्याही शंभर गुण खाली. हे सवलतीचे पद ठेवावे की काढून टाकावे, यावर जगभर वाद आहे. ज्युडिट पोल्गारने महिलांच्या स्पर्धांकडे पाठच फिरवली आणि ती थेट पुरुषांत जाऊन बसली. तिच्यासारख्यांना ते शोभते. पण मिस फातिमाची आठवण ठेवली तर महिलांची स्वतंत्र स्पर्धा बंद करा असे मला तरी म्हणवत नाही. तिच्यामुळे बक्षीस मिळते, राज्याच्या संघात नाव येते, नोकरी मिळते. आयुर्विमा महामंडळासारख्या संस्थेने खेळाडूंना दिलेल्या नोकरीचा टेकू नसता तर सांगलीच्याच स्वाती घाटे यांच्यासारखी महिला ग्रँडमास्टर इतकी वर्षे राष्ट्रीय स्पर्धा खेळू शकली असती काय? गुणांबरोबर पगारही लागतो, हे कलाशाखेच्या आपणा विद्यार्थ्यांना कोणी वेगळे सांगावयास नको.

माझा आक्षेप वेगळा आहे. दार म्हणून जी स्पर्धा उघडली तिचे कुंपण होऊ देणे हा खरा धोका. ‘महिलांत पहिली आली, झाले की!’ असे म्हणून पालक आणि प्रशिक्षक थांबतात तेथे ते कुंपण उभे राहते. रोहिणी खाडिलकरने तेराव्या वर्षी दोन्ही स्पर्धांत भाग घेतला होता, हे यासाठीच पुन्हा सांगावेसे वाटते.

नागपूरची दिव्या देशमुख अगदी अलीकडची. तीही राष्ट्रीय महिला स्पर्धेच्या वाटेने आली. २०२२ च्या आरंभी भुवनेश्वर येथे ती प्रथम विजेती झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कोल्हापुरात, म्हणजे आपल्या शेजारी, तिने ते पद राखले. त्या वेळी ती सतरा वर्षांची होती. २०२४ साली बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारतीय महिला संघाने सुवर्णपदक जिंकले त्यात ती होती. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तिच्यासमोर कोण असावे? कोनेरू हंपी. दोन्ही बाजूंना भारतीय स्त्रिया. नियमित डाव बरोबरीत सुटले, जलद डावांत दिव्याने बाजी मारली आणि त्या विजयाबरोबरच ती थेट ग्रँडमास्टर झाली. महिला ग्रँडमास्टर नव्हे, नुसती ग्रँडमास्टर. हंपी, हरिका, वैशाली यांच्यानंतरची ती चौथी भारतीय स्त्री.

कोल्हापूर आपल्याला एस.टी.ने काही तासांवर. सांगलीचे मंडळ त्याहून ओळखीचे. आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत मुलींच्या बुद्धिबळ संघाला वेगळी जागा असते. पण अनेक महाविद्यालयांत ती भरण्यासाठी जिमखान्याचे प्राध्यापक ऐन वेळी वर्गावर्गांतून फिरून ‘कोणाला मोहरे कसे चालतात एवढे तरी येते का?’ असे विचारीत असतात. येते म्हणणाऱ्या मुली निघतात. घरी भावाशी, आजोबांशी खेळलेल्या. त्यांना फक्त स्पर्धेच्या आदल्या दिवशी न विचारता जूनमध्येच विचारले, जिमखान्यात आठवड्यातून दोन संध्याकाळी त्यांच्यासाठी पट मांडून ठेवले आणि मे महिन्यात सांगलीच्या महोत्सवाला त्यांची नावे पाठवली तर काय होईल, हे अजून आपल्याकडे कोणी करून पाहिलेले नाही. लागणारा खर्च म्हणजे सहा पट, तीन घड्याळे आणि सांगलीचे जाण्यायेण्याचे भाडे.